मधली रेषा

"डोकं मागं, वैजी! मागं! किती वेळा सांगायचं तुला?"

आडनाईक सर मैदानाच्या कडेला उभे राहून ओरडत होते आणि मी वैजयंता मगदूमच्या अंगाखाली उताणी पडले होते. सामन्याआधी अंग मोकळं करायला सर नेहमी आम्हा दोघींची जोडी लावायचे. मी चेंडू घेऊन पळायचं, तिनं मला धरून पाडायचं. मी संघातली सगळ्यात काटकुळी आणि ती सगळ्यात दांडगी. पाडायचं काम तिचं आणि पडायचं माझं, हे कुणी न सांगताच ठरलं होतं.

"तस्लू, लागलं काय गं?" तिनं हात देऊन मला उठवलं.

"लागलं न्हाई. पण तेवढ्या बरगड्या मोज जरा. एखादी तुझ्याकडं राहिली असंल."

ती खदाखदा हसली. वैजी हसली की शेजारच्या संघातल्या मुलीही वळून बघायच्या. सर मात्र हसले नाहीत. ते आत आले, तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून माझ्या कमरेच्या मागच्या बाजूला नेऊन ठेवलं आणि म्हणाले, "हितं. गाल हितं लागला पायजे. पुढं घालशील तर एक दिवस डोकं फुटंल."

"व्हय सर," ती म्हणाली. पुढच्या वेळी तिनं अगदी बरोबर केलं.

सावकाश करताना ती नेहमीच बरोबर करायची. सर स्वतः कबड्डीतले. जिल्ह्यात त्यांच्या नावाला मान होता. रग्बी ते कुठल्याशा शिबिरात शिकून आले आणि आमच्या कॉलेजात त्यांनी मुलींचा संघ उभा केला. त्यातल्या बहुतेक जणी कबड्डीतल्याच. मी तेवढी फुटबॉलमधली. भावांच्या मागं पेठेतल्या मैदानावर जाऊन बाहेर गेलेले चेंडू आणून द्यायचे, असं करता करता खेळायला लागले.

कबड्डीत चढाईला आलेली मुलगी एका दमात 'कबड्डी, कबड्डी' घुमत परत मधल्या रेषेकडं पळत असते. तिला ती रेषा गाठू द्यायची नसते. म्हणून पकडणारी तिच्या वाटेत आडवी झोकून देते, डोकं पुढं घालून. एवढ्याशा मैदानात ते चालून जातं. रग्बीत समोरची लांबून भरधाव येते आणि तिच्या वाटेत डोकं घातलं तर तिचा गुडघा थेट कानशिलावर बसतो. हे सर रोज सांगायचे. वैजीला ते कळायचंही. पण घाईची वेळ आली की लहानपणापासून अंगात मुरलेली कबड्डी वर यायची.

आणि त्याच कबड्डीनं तिला हाकलून दिलं होतं. कुमारी गटात वजनाची मर्यादा असते. जिल्ह्याच्या निवडीच्या आधी ती नुसत्या पाण्यावर राहिली, लांबसडक केस कापून आली, तरी काटा पुढंच गेला. तिच्याहून कितीतरी कच्च्या मुली निवडल्या गेल्या. ती बाहेर पायरीवर बसून रडत होती. सर तिथं पंच म्हणून आले होते. तिच्याजवळ थांबून ते एवढंच म्हणाले, "रग्बीत काटा नसतो. येतीस?"

ही गोष्ट ती आम्हाला नक्कल करून सांगायची. काट्याची, पंचांची, स्वतःच्या रडण्याचीसुद्धा. "घरात म्हैस म्हणत्यात मला. पर म्हैस नुसती बसती. मी पळतो!" आमच्या कोल्हापूरकडं मुली स्वतःबद्दल बोलताना 'येतो, जातो' असंच म्हणतात. परगावच्या मुलींना त्याची गंमत वाटायची आणि वैजी ते मुद्दाम ठसक्यात म्हणायची.

स्पर्धेला येताना बसमध्ये ती माझ्या शेजारी होती. म्हणजे दीड जागेत ती आणि उरलेल्या अर्ध्यात मी. सगळ्या झोपल्यावर तिनं खिडकीकडं बघत म्हटलं, "तस्लू, ह्या खेपेला राज्याच्या संघात घेतलं पायजे गं मला."

"घेतील की. पोलीस भरतीला पण उपयोग हुईल तुला."

"नोकरी असू दे बाजूला." ती म्हणाली. "मला एकदा कुणीतरी ह्या अंगासकट घेतलं पायजे. कापून, तासून, उपाशी ठिवून न्हवं. हाय अशी."

ती मस्करी करत नव्हती. तिच्या तोंडून असं सरळ बोलणं क्वचितच निघायचं. मी तिचा हात हातात घेतला आणि बस शहरात शिरेपर्यंत तसाच धरून बसले.

*

राज्याचा संघ त्याच दिवशी संध्याकाळी, अंतिम सामना झाल्यावर माईकवरून जाहीर होणार होता. निवड करणारी मंडळी मांडवात खुर्च्या टाकून बसली होती. एप्रिल संपत आला होता. मैदानात गवत नावालाच, जमीन भाजून टणक झालेली. पडलं की कोपर सोलून निघत होतं. सात जणींचा खेळ असला की सामने आखूड असतात, म्हणून एकाच दिवसात सगळे उरकायची पद्धत. सकाळचा पहिला सामना आम्ही जिंकला, पण त्यात आमच्या एकुलत्या एका राखीव खेळाडूचा पाय मुरगळला.

उपांत्य सामन्यात समोर उंच, लांब टांगांची एक मुलगी होती. ती कडेनं सुटली की कुणाला सापडत नव्हती. दुसऱ्यांदा सुटली तेव्हा तिच्या आणि आमच्या शेवटच्या रेषेच्या मध्ये एकटी वैजी उरली. वैजी तिरकी धावत आली. ती उशिरा पोचणार, हे मला लांबूनही दिसत होतं. सर कडेवरून ओरडले, "डोकं मागं!"

तिनं आडवं झोकून दिलं. डोकं पुढं.

नारळ ओट्यावर आपटावा तसा आवाज आला. ती उंच मुलगी पडली, चेंडू सुटला, आमच्या एकीनं तो बाहेर मारला. वैजी पालथी पडून होती. मी धावत तिच्याजवळ पोचेपर्यंत ती हातांवर रेटा देऊन उठली, चड्डीची धूळ झटकली आणि आपल्या जागेकडं चालायला लागली. तिच्या ओठांतून काहीतरी येत होतं. मी जवळ गेले.

"कबड्डीकबड्डीकबड्डीकबड्डी..."

आधी मला हसू आलं, मग बाकीच्यांना. रग्बीच्या मैदानावर, एवढं लागल्यावर, ही बया कबड्डी घुमत चालली होती! समोरच्या संघातल्या मुलीही तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. मांडवातही खसखस पिकली. कोल्हापूरची ती जाडी मुलगी कोण, म्हणून कुणीतरी विचारलं. आमच्यातली एक मोठ्यानं म्हणाली, "वैजे, खेळ चुकला गं तुझा!"

पंच म्हणून आलेल्या बाई पुण्याच्या होत्या. त्यांनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला आणि तिच्यासमोर उभ्या राहिल्या. "बरी आहेस ना तू? कुठे आहोत आपण?"

वैजी थांबली. तिनं बाईंकडं बघितलं. "मैदानात," ती म्हणाली.

सगळे आणखी हसले. बाईंनाही हसू आवरलं नाही.

"मॅडम, ती हाय तशीच हाय," आम्ही म्हणालो. "रोजचं हाय तिचं."

"दम बघा पोरीचा," सर कडेवरून शेजारच्या प्रशिक्षकांना सांगत होते. त्यांचा चेहरा फुलला होता. "एवढं लागलं, पण घुमणं कुठं तुटलं न्हाई."

ते खरंच होतं. ती एका श्वासात घुमत होती आणि मध्ये कुठंही तुटत नव्हतं. कबड्डीत मुरलेल्या माणसाला त्याचंच कौतुक वाटणार.

खेळ सुरू झाल्यावर चेंडू तिच्या हातात आला आणि ती पुन्हा घुमायला लागली. तशीच घुमत ती दोघी-तिघींना अंगावरून फेकत सरळ पळाली आणि शेवटच्या रेषेपलीकडं जाऊन चेंडू टेकवला. तेव्हा कुठं तिचं तोंड थांबलं. त्या गुणांवर आम्ही अंतिम फेरीत पोचलो. मांडवातल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्यांतल्या एकांनी सरांना बोलावून तिचं पूर्ण नाव विचारून घेतलं. सर परत आले ते जवळजवळ पळतच. तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "झालं गं तुझं काम!"

*

दुपारी मांडवामागं जेवणाची सोय होती. पुलाव आणि ताक. वैजी झाडाखाली आडवी झाली आणि तिनं डोळ्यांवर टॉवेल टाकला. मी तिचं ताट घेऊन गेले.

"ठेव तिकडं. नको वाटतंय." मग टॉवेलाखालूनच म्हणाली, "तस्लू, आपण जिंकलो काय?"

"जिंकलो की. तूच तर जिंकून दिलीस."

"बरं झालं."

मी चार घास खाल्ले असतील. तिनं पुन्हा विचारलं, "आपण जिंकलो काय गं?"

बाकीच्या मुली पुन्हा हसल्या. "हिला नाटकात घाला कुणीतरी," एक जण म्हणाली. मीही हसले, पण त्या हसण्यात आधीसारखी मजा नव्हती. मी उठले आणि सरांना सांगितलं, "सर, वैजीचं डोकं दुखतंय बहुतेक. जेवली पण न्हाई."

सर लगेच आले. तिच्याजवळ उकिडवे बसले. "काय हुतंय गं?"

"काय न्हाई सर. ऊन लागलंय."

"डोकं दुखतंय?"

"थोडं."

सरांनी खिशातून बामची डबी काढली आणि स्वतःच्या हातानं तिच्या कपाळाला बाम लावला. "खेळणार? खरं सांग."

ती टॉवेल बाजूला करून उठून बसली. उजेडानं डोळे बारीक करत म्हणाली, "निवडीवालं बसल्यात न्हवं अजून? मग काय इचारताय सर!"

सरांनी तिच्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं. काय शोधायचं असतं, ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. कबड्डीत खरचटलं तर माती लावायची, मुरगळलं तर चोळायचं, डोक्याला लागलं तर पाणी मारायचं आणि पोरगी हसली की ती बरी आहे असं समजायचं. मैदानावर एक डॉक्टर होते. त्यांच्यापुढं फुटलेल्या ओठांची आणि सुजलेल्या घोट्यांची रांग होती. हसणाऱ्या पोरीला त्या रांगेत कोण नेऊन उभं करणार?

अंतिम सामना लांबत गेला. कुणीतरी पाहुणे यायचे होते. सूर्य झाडांच्या मागं उतरायला लागला. वैजी जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा तिच्या घरचा नेम. परगावी आलो की ऊन कललं रे कललं की तिची भुणभुण सुरू व्हायची, "सर, सूर्य बघा कुठं आला. मला काय तरी खायला घाला, न्हाईतर सकाळपातूर मरतो मी." तिच्यासाठी सर पिशवीत केळी ठेवायचे. त्या दिवशी सकाळपासून पोटात काही नसतानाही ती जेवणाचं नाव काढत नव्हती. सरांनी केळं पुढं केलं तर तिनं ते हातात घेतलं आणि तसंच धरून बसली. मला ते विचित्र वाटलं, पण तेवढ्यात शिट्टी झाली.

मैदानात शिरताना कबड्डीच्या मुली वाकून माती कपाळाला लावतात. वैजी वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. मी तिला दंडाला धरून वर आणलं.

पहिला अर्धा सामना तिनं बरा काढला. जिथं उभी करू तिथं उभी राहत होती, ढकल म्हटलं की ढकलत होती. दुसऱ्या अर्ध्यात मी तिला चेंडू दिला. समोर मोकळी जागा होती. नुसतं सरळ पळायचं होतं.

ती पळाली नाही. एका जागी उभी राहून तिनं श्वास भरला आणि घुमायला लागली. चेंडू डाव्या बगलेत. उजवा हात पुढं. पावलं आखूड आखूड टाकत ती समोरच्या मुलींच्या रांगेपुढं आडवी सरकली. एकीच्या खांद्याला हात लावला. दुसरीच्या दंडाला लावला. त्या मुली भांबावून नुसत्या बघत राहिल्या. मग वैजी गर्रकन वळली आणि आमच्याच बाजूला परत पळत सुटली.

लोक पोट धरून हसत होते. कुणी शिट्ट्या मारत होतं. "उलटी कुठं चाललीस!" आम्ही जीव खाऊन ओरडत होतो. "वैजे, तिकडं! तिकडं!"

तिला आमचं काही ऐकू येत नव्हतं. मैदानाच्या मधोमध चुन्यानं आखलेली रेषा असते, तिची नजर त्या रेषेवर होती. मागून एक मुलगी आली आणि तिनं वैजीला कमरेला धरून खाली बसवलं. त्यात जोर काहीच नव्हता. तसं आम्ही सरावात रोज पडायचो. वैजी पुढं कोसळली, डोकं जमिनीला लागलं आणि तिनं उजवा हात पुढं लांबवला. बोटं चुन्याच्या रेषेपासून वीतभर अलीकडं राहिली.

पडल्या पडल्याही ती घुमत होती. आवाज हळूहळू बारीक होत गेला. मी गुडघ्यांवर बसून तिच्या तोंडाशी कान नेला, तेव्हा नुसते ओठ हलत होते.

लोक हसायचे कधी थांबले, मला आठवत नाही.

सर तिच्याबरोबर गाडीतून दवाखान्यात गेले. गाडीत दुसऱ्या कुणाला घेतलं नाही, म्हणून आम्ही मैदानावरच राहिलो. मी तिचे बूट, टॉवेल, पिशवी गोळा करत होते. पिशवीत ते केळं सापडलं. तेवढ्यात माईक खरखरला आणि राज्याच्या संघाची नावं पुकारायला सुरुवात झाली.

पहिलंच नाव आलं, "वैजयंता मगदूम."

टाळ्या वाजल्या. कुणी पुढं गेलं नाही. पुकारणाऱ्यांनी पुन्हा एकदा नाव घेतलं. मग कुणीतरी त्यांच्या कानाशी लागलं आणि ते पुढच्या नावाकडं वळले. मी तिची पिशवी छातीशी धरून उभी होते.

*

ऑपरेशन झालं. ती वाचली. सकाळी एकदा डोक्याला मार बसला होता, त्यानंतर त्याच दिवशी दुसरा साधा धक्कासुद्धा बसायला नको होता, असं डॉक्टर म्हणाले. सकाळी तिला बाहेर बसवलं असतं तर आठवड्या-दोन आठवड्यांत बरी झाली असती, असंही म्हणाले. ते ऐकताना सर भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली.

त्यानंतर सरांनी ती शिट्टी पुन्हा गळ्यात घातली नाही. चेंडूंची जाळी कॉलेजच्या खोलीत कुलपात पडली. मी त्यांच्या घरी गेले की ते एकच विचारायचे, "जाऊन आलीस काय तिच्याकडं?" मी जायची ती सकाळची, तेव्हा वैजी नुसती पडून असायची. मी त्यांनाही चला म्हणायची. "कुठल्या तोंडानं जाऊ," ते म्हणायचे. दिवाळीत मी त्यांना जवळजवळ ओढूनच नेलं.

वैजीचं घर शिरोळकडं एका गावात होतं. अंगण सारवलेलं, कडेला जोंधळ्याच्या कडब्याची गंजी. तिच्या आईला मी मावशी म्हणायची. मावशींनी सरांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. चार शब्द ऐकून घ्यायच्या तयारीनं सर आले होते. मावशींनी उलट पाण्याचा तांब्या पुन्हा पुढं केला. त्यानं सर आणखीच अवघडून गेले.

"वैजी कुठं हाय?" मी विचारलं.

"परड्यात हाय. ऊन कललं की लागतंय बघ तिला. ऐक."

मागच्या दारातून आवाज येत होता. आधी मला वाटलं, गिरणी चालू आहे. मग ओळखू आलं. सर खुर्चीतून ताडकन उठले.

"रोज असंच," मावशी सांगायला लागल्या. "श्वास संपंस्तवर म्हणती. तोंड काळंनिळं हुतंय. मग धाप लागती, पडती, उठती, परत सुरू. जवळ जाऊन धरलं तर हिसडून पळती. पाणी देऊन बघितलं, देवाचं नाव घेऊन बघितलं. डॉक्टर म्हणत्यात मेंदूतलं हाय, काय करता येत न्हाई. तिच्या बापाला बघवंना, म्हणून त्यो ह्या वक्ताला शेतात जाऊन बसतोय."

आम्ही मागं गेलो. वैजी परड्याच्या पलीकडच्या भिंतीशी होती. डावा पाय ओढत, उजवा हात पुढं करून ती आडवी सरकत होती. केस बारीक कापलेले. तोंडातून अखंड तेच. श्वास संपत आला की ती वळायची, आमच्या बाजूला दोन-चार पावलं घाईनं यायची, खाली जमिनीवर काहीतरी शोधायची आणि ते सापडलं नाही की परत मागं जायची.

सर दारात उभे राहून बघत होते. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मग म्हणाले, "तस्लीम, ती चढाईला गेलीया. त्या दिवसापासनं ती तिकडंच हाय गं. तिला रेषा मिळंना."

त्यांनी पायातली चप्पल काढली. परड्याच्या मधोमध जाऊन टाचेनं माती उकरत या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढली. मातीत ती नीट उठेना, म्हणून मावशींना म्हणाले, "रांगोळी हाय?" मावशींनी डबा आणून दिला. सरांनी त्या रेघेवर पांढरी रांगोळी सोडली. मग ते रेघेच्या अलीकडं येऊन उभे राहिले. जिल्ह्याच्या मैदानावर उभे राहायचे तसे, ताठ.

"वैजयंता!" त्यांनी हाक मारली. तो त्यांचा जुना आवाज होता. "रेषा हितं हाय. ये, पोरी. हात लाव."

तिनं वळून बघितलं. तोंड चालूच होतं. नजर सरांवरून खाली उतरली आणि त्या पांढऱ्या रेघेवर थांबली. पाय ओढत ती निघाली. मध्ये एकदा अडखळली. मी पुढं व्हायला लागले तर सरांनी हातानं मला अडवलं. "धरू नको. कुणी धरायचं न्हाई आता."

ती रेघेपाशी आली, वाकली आणि तिनं बोटं रांगोळीवर टेकवली.

घुमणं थांबलं. परड्यात एकदम शांत झालं. तिनं साठलेला श्वास सोडला आणि रेघ ओलांडून अलीकडं आली.

"आलो," ती म्हणाली.

मावशींनी तोंडात पदर कोंबला. त्या दिवसानंतर वैजी पहिल्यांदाच कबड्डीशिवाय दुसरा शब्द बोलली होती.

तिनं सरांच्या चेहऱ्याकडं बघितलं. ओळख लागायला वेळ लागला, पण लागली. जीभ जड होती, तरी शब्द कळत होते. "सर, घेतलं मला?"

सरांनी दोन्ही हात तिच्या खांद्यांवर ठेवले. "घेतलं. माईकवरनं नाव पुकारलं तुझं. सगळ्यांत आधी."

ती हसली. अर्धंच तोंड हसलं, पण हसली.

*

त्याला आता चौदा वर्षं झाली. त्या दिवाळीनंतर सर हयात असेपर्यंत दर रविवारी एसटीनं जात आणि स्वतः रेघ ओढत. एरवीच्या दिवशी ते काम मावशींचं. बाकीच्या बायका सकाळी दारात रांगोळी काढतात. मावशी सकाळची काढतात आणि ऊन कललं की परड्यात आणखी एक काढतात. ती सरळ रेघ असते. शेजारणींनीही आता विचारणं सोडलं आहे.

मी दरवर्षी दिवाळीत जाते. यंदा मावशींचे गुडघे धरले होते, त्यांना वाकता येईना. "तूच वढ गं," त्या म्हणाल्या. मी डबा घेतला, रेघ ओढली आणि अलीकडं उभी राहिले. वैजी पलीकडून आली. तिचं ते अंग आता कुठं गेलं कोण जाणे. मनगटं इतकी बारीक, की माझ्या मुठीत दोन्ही मावतील. कुमारी गटाच्या काट्यावर आता तिला कुणी अडवलं नसतं.

ती वाकली, रेघेला हात लावला आणि थांबली. "आलो."

"आलीस."

"तस्लू, घेतलं मला?"

"घेतलं की."

ती जायला वळली आणि पुन्हा थांबली. इतक्या वर्षांत एकदाही न विचारलेलं तिनं विचारलं, "ह्या अंगासकट?"

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. हाताला नुसतं हाड लागलं.

"ह्या अंगासकट," मी म्हणाले.

दिवस मावळायला आला होता. मावशींनी तिला जेवायला हाक मारली.